वाहतूक अभियंते आणि आपले गाव

(पिशोर, ता. कन्नड येथे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे एका निवृत्त अभियंत्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावात रस्त्याचा विषय निघाला की एकच प्रश्न ऐकू येतो : "डांबर केव्हा पडणार?" प्रश्न रास्त आहे. परंतु डांबर हा रस्त्याचा सर्वांत वरचा आणि बहुधा सर्वांत पातळ थर होय. त्याखालची जमीन कशी आहे, पाणी कोठून जाणार, शाळेतले मूल कोठून रस्ता ओलांडणार, हे प्रश्न त्याआधीचे आहेत. आणि त्यांची उत्तरे देणारे अभियंतेही निरनिराळे आहेत. त्यांची ओळख मी आज करून देणार आहे. कोणता प्रश्न कोणास विचारावा हे गावाला ठाऊक असले, तर निम्मे काम तेथेच होते.

पहिला तो नियोजन करणारा अभियंता. कोणते गाव कोणत्या बाजारपेठेशी, कोणत्या दर्जाच्या रस्त्याने जोडावे, हे तो ठरवितो. या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी व १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली. पुढे १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपूर येथे जमले आणि त्यांनी रस्त्यांची प्रतवारी निश्चित केली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग ही आपल्या परिचयाची वर्गवारी त्या 'नागपूर योजने'तूनच आलेली आहे. ही माहिती केवळ इतिहासाची नव्हे. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. आपला रस्ता कोणत्या वर्गात नोंदलेला आहे हे पाहिल्याशिवाय केलेला अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतो.

दुसरा अभियंता रस्त्याच्या थरांचा. आपल्या भागातील काळी माती पिकाला उत्तम, परंतु रस्त्याला वैरीण. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून हा अभियंता मातीचा नमुना प्रयोगशाळेत चार दिवस पाण्यात भिजवितो आणि मगच तिची भार सोसण्याची शक्ती मोजतो. त्यावरून मुरूम किती, खडी किती, हे ठरते. दुसरा हिशेब तो वाहनांच्या आसाचा मांडतो. आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते, असा निष्कर्ष अमेरिकेतील १९५८ ते १९६० या काळातील मोठ्या चाचण्यांतून निघाला. क्षमतेबाहेर भरलेली एक मालमोटार रस्त्याचे किती आयुष्य खाते, ते यावरून ध्यानात यावे. रस्त्याचे दुसरे शत्रुत्व साचलेल्या पाण्याशी आहे. बाजूचे गटार बुजवून शेतात जाण्याचा रस्ता केला, की दोन पावसाळ्यांत त्या ठिकाणी खड्डा पडलाच म्हणून समजावे.

तिसरा पुलाचा अभियंता. सहा मीटरपर्यंत लांबी असेल तर मोरी, सहा ते साठ मीटरपर्यंत लहान पूल आणि त्यापुढे मोठा पूल, अशी आपल्याकडे विभागणी आहे. लांबी कितीही असो, त्याला प्रथम हवी असते ती आजवरची सर्वांत मोठी पूरपातळी. येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका ओढ्यावरील मोरीचा आराखडा मी केला. कागदोपत्री नोंदीवरून पूरपातळी धरली. एका वृद्ध शेतकऱ्याने मला निंबाचे झाड दाखवून सांगितले होते, "साहेब, पाणी ह्या बेचक्यापर्यंत येतं." मी ते टिपून घेतले नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात मोरी राहिली आणि दोन्ही बाजूंचा भराव वाहून गेला. दैवाने त्या रात्री रस्त्यावर कोणी नव्हते. असे दैव प्रत्येक वेळी साथ देत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पूल बांधणाऱ्या अभियंत्याइतकाच पुलाची नियमित तपासणी करणारा अभियंता महत्त्वाचा आहे, हे त्या रात्रीने शिकविले.

चौथा वाहतूक व सुरक्षा पाहणारा अभियंता. गावांच्या मागण्यांत हा क्वचितच आढळतो. तो वाहने मोजतो, चौक आखतो, फलक व पट्टे कोठे असावेत हे सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनाला धोका दिसल्यापासून सुरक्षित थांबण्यास सुमारे ६० मीटर अंतर लागते. वेग ८० असेल तर १२० मीटर. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो. म्हणजे खड्डे होते तेव्हा शाळेपुढे जो धोका नव्हता, तो नव्या डांबराबरोबर येतो. शिक्षक बंधुभगिनींनी शाळेच्या फाटकातून दोन्ही बाजूंना किती मीटर रस्ता दिसतो, हे एकदा मुलांकडूनच मोजून घ्यावे. गणिताचा धडाही होईल आणि मागणीला आधारही मिळेल.

आता आपले आल्याचे पोते गावाबाहेर निघाले असे समजू. कन्नडवरून चाळीसगावकडे जाताना औट्रम घाट लागतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने तेथे दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जड वाहनांना घाट बंद झाला आणि त्यांना लांबचा मार्ग धरावा लागला. घाटात काम असते ते खडक व उतार जाणणाऱ्या भूतांत्रिक अभियंत्याचे. घाट उतरल्यावर चाळीसगावला रेल्वे अभियंत्याचे राज्य सुरू होते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, परंतु बोरघाट चढून जाण्यास १८६३ उजाडले. कोकण रेल्वेवर १९९८ पासून थेट वाहतूक सुरू झाली, तरी दरडींमुळे पावसाळ्यात तेथे गाड्यांचा वेग कमी ठेवून वेगळे वेळापत्रक पाळतात. धीमी गाडी हाही अभियंत्याचाच विचारपूर्वक निर्णय असतो. याशिवाय बंदरे व विमानतळ यांचे अभियंते आहेत, आणि कोणती बस किती वाजता कोठे न्यावी हे ठरविणारे सार्वजनिक वाहतुकीचे नियोजकही आहेत. शाळा साडेपाचला सुटत असेल आणि शेवटची बस पाचला जात असेल, तर उत्तम रस्ता असूनही मुलीचे शिक्षण थांबते.

मित्रहो, या सर्वांजवळ यंत्रे आहेत, नकाशे आहेत, सूत्रे आहेत. एक गोष्ट मात्र त्यांच्याजवळ नाही : गावाची स्मृती. पाणी कोठवर चढले, हंगामात कोणती वाहने येतात, अपघात कोणत्या वळणावर होतात, मुले कोठून रस्ता ओलांडतात, हे आपणच जाणता. म्हणून माझी विनंती एवढीच की, ग्रामपंचायतीने या चार गोष्टींची एक वही ठेवावी आणि पाहणीसाठी अभियंता आला की प्रथम ती त्याच्या हाती द्यावी. त्याने ती वाचली नाही, तर वाचावयास लावावी. त्या निंबाच्या झाडाची नोंद अशा वहीत असती, तर तो भराव वाहून गेला नसता.