दावा काढून टाकला गेला, तर?

वेम्बलीत राहून गावच्या जमिनीचा दावा लढविणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे : प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला गेला, तर त्याच कारणावरून नवा दावा लावता येत नाही. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ९ अन्वये, गैरहजेरीचे पुरेसे कारण दाखवून तो पुन्हा नंबरावर घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करता येतो. मुदत हुकुमाच्या तारखेपासून मोजतात, आपणांस बातमी कळल्यापासून नव्हे. उशीर झाल्यास विलंबमाफी मागावी. अर्ज नामंजूर झाल्यास अपील आहे. कारण आजाराचे असेल, तर वैद्यकीय दाखला उपचाराच्या वेळीच घ्यावा. चवदार तळ्याच्या दाव्यात प्रतिवादी असलेले बाबासाहेब १९२७ पासून १९३७ पर्यंत लढले. आपण निदान तारीख चुकवू नये.