शिबपूरचा वटवृक्ष

पस्तीस वर्षें मीं मुलांना वनस्पतिशास्त्राचे पहिले धडे दिले. फळ्यावर खडूनें झाड काढावयाचें आणि सांगावयाचें कीं, खोड हा झाडाचा आधारस्तंभ. तो गेला कीं झाड गेलें. एकदां मागल्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, वडाचेंही तसेंच का?" घंटा व्हावयाची होती, धडा पुरा करावयाचा होता. मीं त्याला खालीं बसविलें.

गेल्या हिवाळ्यांत कलकत्त्यास जाण्याचा योग आला, तेव्हां हुगळीच्या पश्चिम तीरावरील शिबपूरची वनस्पति-बाग पाहिली. कर्नल किड यांनीं १७८७ सालीं ती स्थापिली, ती कांहीं फिरावयास जाण्यासाठीं नव्हे. कंपनी सरकारला मसाल्यांचीं झाडें आणि जहाजांसाठीं सागवान हवें होतें. पुढें रॉक्सबर्ग साहेबांनीं एतद्देशीय चितार्‍यांकडून वनस्पतींचीं अडीच हजारांवर चित्रें काढविलीं. साहेबांचें नांव राहिलें; चितार्‍यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत, याची मला जरा चुटपुट लागली.

तेथें द्रोणासारख्या पानांचा कृष्णवड आहे, तळ्यांत परातीएवढ्या पानांचें कमळ आहे. पण माझे पाय खिळले ते महावटापाशीं. अडीचशें वर्षांच्या सुमाराचें हें झाड. विस्तार साडेचार एकरांच्या घरांत. लांबून एखादी राईच वाटावी. मीं संवयीनें खोड शोधूं लागलों. पारंब्यांचे खांब तीन हजारांहून अधिक, पण खोड कोठेंच दिसेना! चौकशी केली तेव्हां समजलें कीं, १८६४ व १८६७ च्या वादळांत झाड जखमी झालें, जखमांतून बुरशी शिरली, आणि अखेर १९२५ सालीं मूळ खोड तोडून काढावें लागलें. त्याचा घेर पन्नास फुटांच्या आसपास होता म्हणे. तें गेलें, आणि झाड वाढतच राहिलें. २०२० च्या अम्फान वादळानें बागेंतील पुष्कळ झाडें आडवीं केलीं. या वडाचाही कांहीं भाग मोडला, पण तो उभा आहे. कोंवळ्या पारंब्यांना पोकळ बांबूंतून जमिनीपर्यंत वाट करून देतात, म्हणजे त्या रुजून नवे खांब होतात.

त्या मुलाचा पत्ता मजजवळ नाहीं. तो आज कोठें ऐकत असेल, तर त्याला कळावें कीं, वडाचें तसें नसतें. त्याला खालीं बसविलें, ती चूक माझी.