सासूबाईंचे डबे



उभे राहून बोलण्याची मला सवय नाही, तेव्हा मोठा विषय काही घेत नाही. आमच्या घरात घडले तेवढेच सांगते.

माझ्या सासूबाईंना काचबिंदू आहे. पुष्कळजणी ह्याला मोतीबिंदूच समजतात, तसे नव्हे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही, उरलेली औषधाने राखायची. बहुधा आधी कडेची नजर जाते. म्हणून सासूबाई समोरचे माणूस ओळखत, पण दाराच्या चौकटीवर आपटत. आणि आम्ही आपले म्हणायचो, आईंचे लक्षच नसते!

दोन वर्षांपूर्वी पाहुणे जेवायला होते, आणि सासूबाईंनी खिरीत साखरेऐवजी मीठ घातले. मी चारचौघांत बोलून गेले, “आई, आता तुम्ही ओट्याशी येऊ नका.” त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. इतकी वर्षे त्या ओट्याशी राबलेली बाई दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत खुर्ची टाकून बसली. मला वाटले, चला, त्यांना विश्रांती मिळाली. विश्रांती कसली! जेवण कमी झाले, दुपारभर झोप आणि रात्री जागरण.

एके दिवशी पाहते तो सासूबाई कोथिंबिरीच्या जुडीचे रबर चाचपून उशीखाली ठेवीत आहेत. मी म्हटले, “आई, हा कचरा कशाला?” तर त्यांनी डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या पुढे केल्या. एक सकाळ-संध्याकाळची, एक फक्त रात्रीची. दोन्ही हाताला सारख्याच. रात्रीच्या बाटलीच्या गळ्याशी त्यांनी रबर गुंडाळले होते. म्हणाल्या, “तुला रोज किती वेळा विचारू गं?” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जे मला सुचायला हवे होते ते त्यांनी स्वतःच करून ठेवले होते.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी डब्यांना बसलो. साखरेला एक रबर, मिठाला दोन, रव्याला तीन. हळद-तिखटाला वास आहे, त्यांना काही लावले नाही. मुख्य म्हणजे डबा जिथला तिथे ठेवायचा. हे माझ्या मुलांना शिकवायला मला सर्वांत जास्त दिवस लागले, आणि ह्यांना त्याहून जास्त! पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना दिसत नसे, म्हणून गडद रंगाचे ताट आणले. दूध गडद पेल्यात, चहा पांढऱ्या कपात. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी लावली. शेजारच्या आजोबांनाही तिचा उपयोग होतो.

पैशांचे काम अवघड होते. शंभराची नवी नोट 142 मिलिमीटर लांब, दोनशेची 146, पाचशेची 150. चार मिलिमीटरचा फरक हाताला काय कळणार? शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेषा, पाचशेच्या नोटेवर गोल आणि पाच रेषा असतात खऱ्या. पण बाजारात फिरून मऊ पडलेल्या नोटेवर त्या बोटाला लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेने 2020 साली ‘मनी’ नावाचे ॲप काढले आहे. ते फुकट आहे, आणि एकदा फोनवर घेतले की इंटरनेट लागत नाही. नोट फोनपुढे धरली की किती रुपयांची ते बोलून सांगते. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही, एवढे लक्षात ठेवा.

मुलाचा जुना फोन सासूबाईंना दिला आणि त्यात टॉकबॅक चालू केले. बोट ज्याच्यावर पडेल त्याचे नाव फोन बोलतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडते. शिकायला तीन आठवडे गेले. मधे एकदा त्यांनी फोन गादीवर आपटला, म्हणाल्या, “हा माझ्यापेक्षा जास्त बोलतो!” आता भाजीवाल्याकडून सुटे पैसे आले की स्वतः नोट तपासून घेतात. फोनने औषधाचे नावही वाचून पाहिले, पण चकचकीत पाकिटावर तो चुकतो. औषधाच्या बाबतीत मी त्याच्यावर विसंबत नाही. माझे विचाराल तर रबरच बरे. त्याला चार्जिंग लागत नाही.

सासूबाई पुन्हा ओट्याशी आल्या. तळण मी करते, ह्यावरून आमची अजून भांडणे होतात. गेल्या दिवाळीत डबे घासताना मी रबरे काढली आणि परत चढवताना अदलाबदल केली. सकाळचा चहा खारट झाला. सासूबाई कप खाली ठेवून म्हणाल्या, “सूनबाई, आता तू ओट्याशी येऊ नकोस.”

ज्यांना नोटांचे ते ॲप हवे असेल त्यांनी मंगळवारी दुपारी फोन घेऊन यावे, माझा मुलगा घालून देईल. रबरे माझ्याकडे पुष्कळ आहेत.