लहान घराची शोभा

घर पाहावें बांधून, अशी एक म्हण आहे. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या सामान्य कुटुंबाच्या नशिबीं मात्र घर बांधून पाहण्याचा योग सहसा येत नाहीं. त्याला मिळतें तें घर दुसऱ्यानें आंखलेलें, दुसऱ्यानें मोजलेलें आणि बहुधा अपुरें. त्याच्या भिंती हलवितां येत नाहींत, खिडक्या वाढवितां येत नाहींत. परंतु त्या भिंतींच्या आंत काय ठेवावें, काय ठेवूं नये, आणि जें ठेवावयाचें तें कोठें ठेवावें, एवढा अधिकार घरांतल्या माणसांना असतो. थोड्या पैशांत लहान घर शोभिवंत करण्याचा सारा प्रश्न या एवढ्याशा अधिकाराचा उपयोग कसा करावा, हाच आहे.

देवनारचें उदाहरण घ्यावें. हार्बर मार्गावरील गोवंडी स्टेशनाजवळचें हें उपनगर. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा येथें येऊन पडूं लागला. १९५४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्था येथें आली आणि १९७१ सालीं नगरपालिकेचा कत्तलखानाहि येथेंच उभा राहिला. एकीकडे शिक्षणसंस्थांचीं झाडांनीं भरलेलीं आवारें आहेत, तर दुसरीकडे गोवंडी-मानखुर्दच्या दाट पुनर्वसन-वसाहती आहेत. या दोहोंच्या मध्यें नोकरदारांच्या लहान लहान घरांच्या सोसायट्या आहेत. घर कोणत्याहि बाजूचें असो, त्यांत राहणाऱ्या गृहिणीची तक्रार बहुधा एकच असते: जागा पुरत नाहीं, आणि कांहीं केलें तरी घर नीटनेटकें दिसत नाहीं.

जागेची तक्रार खोटी नाहीं. मुंबईच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें १९२० नंतरच्या दशकांत वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें ज्या चाळी उठविल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची होती. पुढें झोपडपट्टी-पुनर्वसनाच्या योजनेंत कुटुंबामागें २२५ चौरस फूट जागा देण्यांत येऊं लागली. २००८ सालीं हें माप २६९ झालें आणि २०१८ च्या विकास-नियमावलीनें तें ३०० चौरस फुटांवर नेलें. चाळींत मोरीबाहेरचे विधि सार्वजनिक असत. आतां न्हाणीघर व शौचकूप घरांतच असतें, म्हणून तेवढी जागा या मापांतून वजा करावी लागते. इतक्या वर्षांनीं सामान्य मुंबईकराच्या पदरीं पडलेली वाढ ही एवढी आहे.

अशा घराची बाहेरची खोली बारा फूट लांब व दहा फूट रुंद धरावी, म्हणजे १२० चौरस फूट जमीन झाली. आतां दुकानांत शोभून दिसणारें सामान या खोलींत आणून मांडावें. सव्वासहा फूट लांब व पांच फूट रुंद पलंग ३१ चौरस फूट घेतो. सोफ्याला १५, जेवणाच्या टेबलाला १२ व त्याभोंवतालच्या चार खुर्च्यांना ९ चौरस फूट लागतात. कपाटाचे ८ आणि दूरदर्शन-संचाच्या घडवंचीचे ६ धरले कीं बेरीज ८१ होते. उरल्या ३९ चौरस फुटांत दाराची उघडझांप, पाहुण्यांची ऊठबस, मुलांचा अभ्यास आणि आजोबांची येरझार बसवावयाची असते. नाकापेक्षां मोतीं जड, ही स्थिति याहून निराळी काय असते? हें सर्व सामान उत्तम लांकडाचें असलें तरी खोली सुंदर दिसणार नाहीं, कारण तींत माणसालाच जागा उरलेली नाहीं.

१९३७ सालीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेनें मुंबईच्या टाऊन हॉलांत आदर्श गृहाचें एक प्रदर्शन भरविलें होतें. नव्या धर्तीचें घर कसें असावें, हें त्यांत लोकांना दाखविण्यांत आलें. त्या काळीं मध्यमवर्गाला नव्या वस्तूंची ओळख करून घ्यावयाची होती. आजचा प्रश्न उलट आहे. वस्तु घरोघरीं येऊन पोंचल्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या बाहेर काढाव्यात, हें ठरवावयाचें आहे. म्हणून गृहशोभेचा पहिला खर्च शून्य रुपयांचा आहे. तो म्हणजे वर्षभरांत ज्या वस्तूला कोणाचा हात लागला नाहीं, ती घराबाहेर देऊन टाकणें.

येथें जुन्या चाळींतील राहणीचें स्मरण उपयोगी पडेल. त्या खोलींत दिवसां बैठक असे, दोन प्रहरीं पाट मांडून पंगत बसे आणि रात्रीं गाद्या पसरल्या कीं तीच खोली शयनगृह होई. एकाच जमिनीचा तीन वेळां उपयोग होई, कारण सामान उचलून ठेवतां येण्याजोगें होतें. पाट भिंतीशीं उभे राहत, वळकट्या कोपऱ्यांत रचल्या जात, कपडे खुंट्यांवर व भांडीं मांडणीवर असत. जपानी लोकांनीं हीच रीति शास्त्राच्या पदवीला पोंचविली. तेथील पारंपरिक घरांत खोलीचें माप जमिनीवरच्या चटयांच्या संख्येनें सांगतात आणि सकाळीं अंथरूण गुंडाळून भिंतींतल्या कपाटांत ठेवतात. ज्यानें चंदिगडची आंखणी केली त्या ल कॉर्बुझिएनें १९५२ च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठीं जी लांकडी कुटी बांधली, ती बारा फूट लांब व बारा फूट रुंद एवढीच होती. स्वयंपाकघर तींत नव्हतें, जेवणाची सोय शेजारच्या खाणावळींत होती, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. देवनारच्या गृहिणीला ती सवलत नाहीं.

यावरून सामानाचा नियम सांपडतो. जी वस्तु दोन कामें करील किंवा काम झाल्यावर बाजूला होईल, तीच घ्यावी. पलंगाऐवजीं आंत अंथरुणें मावतील असा पेटीचा दिवाण असावा. भिंतीला बिजागरीनें जोडलेली फळी उघडली कीं जेवणाचें टेबल होतें आणि मिटली कीं नाहींसें होतें. दाराच्या माथ्याच्या उंचीवर खोलीभर एक फूट रुंदीची फळी फिरविली, तर क्वचित् लागणाऱ्या वस्तु तिच्यावर जातात व जमीन मोकळी राहते. जुनें पण टिकाऊ लांकूडसामान जोगेश्वरीजवळच्या ओशिवऱ्याच्या बाजारांत किंवा चोरबाजारांत मिळतें. तें घासून, पॉलिश करून घेतलें तर नव्या भुशाच्या फळ्यांपेक्षां अधिक वर्षें टिकतें. मात्र घेण्यापूर्वीं टेप घेऊन खोली मोजावी, आणि दारांतून व जिन्यांतून तें वर जाईल कीं नाहीं, हेंहि मोजावें. वाळवी व ढेकूण यांची पारख केल्यावांचून जुनें लांकूड उंबऱ्याच्या आंत घेऊं नये.

स्वयंपाकघरालाहि हाच न्याय लागू आहे. जर्मनींतील फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं १९२६ सालीं मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या स्त्री-वास्तुशिल्पज्ञेनें एक स्वयंपाकघर आंखलें. तें अवघें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब, म्हणजे सुमारें ७० चौरस फुटांचें होतें. काम करणारीला किती पावलें टाकावीं लागतात, याचा विचार करून त्यांत प्रत्येक वस्तूची जागा ठरविली होती. देवनारच्या ओट्यालाहि ही दृष्टि लावतां येईल. रोज लागणारे डबे कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचींत, आठवड्याला लागणारे वर आणि जड तें खालीं ठेवावें. एका मापाचे डबे एका ओळींत मांडले, तर तीच स्वयंपाकघराची शोभा होते.

या सर्वांहून महत्त्वाची वस्तु म्हणजे प्रकाश आणि वारा. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड व पी. एम. जी. पी. या वसाहतींची डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनें केलेली पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. जेथें इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत तेथें, आणि त्यांतहि खालच्या मजल्यांवर, घरांत ऊन व वारा कमी पोंचतो आणि क्षयाचा प्रादुर्भाव अधिक दिसतो, असें त्या पाहणींत आढळलें. हा दोष बांधणाऱ्यांचा आहे आणि तो कोणत्याहि पडद्यानें झांकला जाणार नाहीं. त्याचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे. परंतु ज्या घराला मुळांत थोडाच उजेड मिळतो, त्यानें तो सामानानें अडवूं नये, एवढें तरी घरांतल्यांच्या हातीं आहे.

मुंबईंत खिडकीबाहेर लोखंडी जाळीची पेटी बसविण्याची चाल आहे. हळूहळू तींत रिकामे डबे, रद्दी, तुटकी सायकल आणि न वापरलेल्या बादल्या जमतात आणि खिडकी आपलें काम करीनाशी होते. कपाटाची पाठहि पुष्कळदां खिडकीला लावलेली आढळते. २०१६ च्या जानेवारींत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली, तेव्हां धुरामुळें लोकांना खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि धूर येईल त्या दिवशीं त्या बंद कराव्यात हें उचितच आहे. पण एरवीं त्या उघड्या असाव्यात. डासांसाठीं बारीक जाळी लावावी. जाड, गडद पडद्यांच्या जागीं जुन्या सुती साडीचा पातळ पडदा लावला, तर आडोसा होतो आणि उजेडहि येतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर एक जुना मोठा आरसा टांगला, तर बाहेरचा उजेड खोलीच्या पोटांत शिरतो.

भिंतीचा रंग पांढरा किंवा अगदीं फिका असावा. चुना हा सर्वांत स्वस्त रंग आहे. त्यांत थोडा डिंक मिसळला कीं तो अंगाला लागत नाहीं, आणि त्याच्या क्षारगुणामुळें भिंतीवर बुरशी लौकर धरत नाहीं. मात्र तेलाच्या किंवा प्लॅस्टिकच्या रंगावर चुना बसत नाहीं. तेथें आधींचा थर खरवडावा किंवा साधा पांढरा डिस्टेंपर द्यावा. पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या भिंतीपासून कपाट दोन-तीन इंच पुढें ठेवावें. रात्रीच्या उजेडासाठीं नऊ वॅटचा एल्. ई. डी. दिवा जुन्या साठ वॅटच्या दिव्याएवढा प्रकाश देतो. छताच्या मध्यावर एकच प्रखर दिवा लावण्यापेक्षां दोन-तीन कोपऱ्यांत मंद दिवे लावले, तर खोली मोठी व प्रसन्न वाटते.

भिंतीवर शोभेसाठीं काय असावें, याचें उत्तर डहाणू-पालघरकडील वारली घरांनीं फार पूर्वीं दिलेलें आहे. लग्नाच्या वेळीं तेथील सुवासिनी गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. टोंक चघळून मऊ केलेली बांबूची काडी हाच त्यांचा कुंचला. ज्या जिव्या सोमा मशे यांनीं ही कला जगापुढें नेली, त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. गेरू, पीठ आणि काडी यांचा खर्च तो काय? शहरांतील घरांत संबंध भिंत रंगविण्याची गरज नाहीं. एका जुन्या फळीवर गेरूचा हात देऊन मुलांनीं पांढऱ्या रंगानें आपल्या मनाचें चित्र काढावें. आणि ऐपत असेल तेव्हां वारली कारागिराच्या हातचें एक चित्र विकत घ्यावें. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननीं मातीचींच ताडाचीं झाडें उठावांत घडविलीं आहेत. मातीच्या भिंतीवर मातीचेंच झाड, आणि भोंवतीं पुष्कळ मोकळी जागा. तेवढ्यानें ती खोली पाहणाऱ्याच्या स्मरणांत राहते. पांच तसबिरी दाटीनें टांगण्यापेक्षां एक नीट टांगावी, हा त्यांतला धडा आहे.

कापडाच्या बाबतींत गोधडीसारखा दागिना नाहीं. आजीच्या व आईच्या जुन्या साड्या थरावर थर ठेवून धांवदोऱ्यानें शिवलेली गोधडी दिवाणावर पसरली, तर बाजारांतील कोणतेंहि आच्छादन तिच्यापुढें फिकें पडतें. धारावीच्या कुंभारवाड्यांतील मातीचीं भांडीं कुंड्यांच्या कामीं येतात. ऊन येणाऱ्या खिडकींत तुळस आणि न येणाऱ्या कोपऱ्यांत मनीप्लँट लावावें. दारापुढें रांगोळीचीं चार बोटें ओढावयास कांहींच पैसा पडत नाहीं.

कोणी म्हणेल, घरांत सहा माणसें असतां ही टापटीप टिकावी कशी? ती टिकते, पण एका अटीवर. घरांतल्या प्रत्येकाला स्वतःची म्हणतां येईल अशी हातभर जागा मिळाली पाहिजे. मुलीला अभ्यासासाठीं फळीचा एक तुकडा, त्यावर दिवा आणि पुस्तकांसाठीं एक खण मिळावा. आजोबांना खिडकीजवळची खुर्ची व चष्मा-पोथी ठेवण्यापुरती फळी असावी. दिवसभर राबणाऱ्या गृहिणीसाठीं कोणाचेंहि सामान पडणार नाहीं असा एक कोपरा असावा. बहुतेक घरांत विसर पडतो तो याच कोपऱ्याचा. मुलगी आपल्या फळीवर बसून परीक्षेचा अभ्यास करूं शकत नसेल, तर दिवाणखान्यांतील सोफा कोणासाठीं आहे, हा प्रश्न घरानें स्वतःला विचारावा.

आरंभासाठीं पैसे साठण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. येत्या रविवारीं सकाळीं खिडकीची जाळी रिकामी करावी, भंगारवाल्याला हांक मारावी, कांच पुसावी आणि कपाट खिडकीपासून बाजूला सरकवावें. दुपारपर्यंत खोलींत ऊन कोठवर येतें, तें जमिनीवर खडूनें आंखून ठेवावें. तेथें काय मांडावयाचें हें मग ठरवावें, आणि शक्य असेल तर कांहींच मांडूं नये.