शीण आणि त्यावरील उतारा

संध्याकाळीं सात वाजतां गृहस्थ कचेरींतून घरीं येतो, पादत्राणें काढतो आणि आरामखुर्चींत अंग टाकून म्हणतो, ‘आज अगदीं गळून गेलों!’ त्याच वेळीं स्वयंपाकघरांत त्याची पत्नी कणीक मळीत उभी असते. तीदेखील नुकतीच कचेरींतून आलेली असते. परंतु ती कांहीं म्हणत नाहीं. दोघांच्या अवस्थेला शब्द एकच असला, तरी हे दोन शीण एका जातीचे असतीलच असें नाहीं. आणि उतारा शोधण्यापूर्वीं जात ओळखणें अवश्य असतें.

दिवसभर खुर्चीवर बसून ज्यानें केवळ कागद वाचले, त्याचें अंग कां गळावें, अशी शंका पुष्कळांना येते. ट्यूरिन येथील आंजेलो मोस्सो या शास्त्रज्ञानें १८९१ सालीं शिणावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. बोटानें वजन पुनःपुन्हां उचलावयाचें आणि प्रत्येक खेपेस तें किती उंच गेलें याची रेघ कागदावर उमटवावयाची, असें एक यंत्र त्यानें तयार केलें होतें. विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन आलेल्या त्याच्या एका सहकाऱ्याचें बोट या यंत्रावर नेहमींपेक्षां फार लवकर थकलें. परीक्षा घेतांना त्या बोटाला कांहींच कष्ट पडले नव्हते; श्रम झाले होते ते डोक्याला. (परीक्षा देणाऱ्यांच्या बोटांची गोष्ट निराळीच असावी!)

अशा बैठ्या शिणावर आणखी बसणें हा उतारा नव्हे. घरीं येतांना एक थांबा अलीकडे उतरून दहा मिनिटें पायीं चालत येणारा मनुष्य आरामखुर्ची गांठणाऱ्यापेक्षां बहुधा अधिक ताजातवाना होऊन घरांत शिरतो.

दुपारच्या पेंगेचा प्रकार थोडा वेगळा आहे. ती जेवणामुळेंच येते असा समज आहे. जेवण जड असेल तर ती वाढते हें खरें. परंतु उपास केला तरी ती थोडीबहुत येतेच, कारण शरीरांतील घड्याळाची ती नित्याची ओहोटी आहे. नेमका त्याच वेळीं चहा पुढें येतो. मनुष्य जागा असतो तोंपर्यंत त्याच्या मेंदूंत अडिनोसीन नांवाचें द्रव्य सांचत जातें आणि तें झोपेची वर्दी देतें. चहा-कॉफींतील कॅफीन त्या वर्दीची वाट अडवून बसतें. वर्दी पोंचत नाहीं. द्रव्य मात्र सांचतच राहतें. शिवाय पोटांत गेलेलें कॅफीन निम्मे होण्यास सुमारें पांच तास लागतात. म्हणजे पांचच्या चहाचा अर्धा अंमल रात्रीं दहा वाजतां अंथरुणावरही सोबतीला असतो. झोप उथळ लागते, सकाळीं उठवत नाहीं, आणि मग उठल्याबरोबर पुन्हां चहा! याहून पंधरा-वीस मिनिटें डोळे मिटून पडणें बरें. तासभर झोपल्यास मात्र डोकें जड होतें. कचेरींत पडण्याची सोय नसेल तेथें पेलाभर पाणी पिऊन खिडकीच्या उजेडांत थोडें फिरावें.

आतां स्वयंपाकघराकडे वळावयास हवें. तेथें चालण्याचा उपाय सुचविणें ही थट्टाच होईल. ती बाई पहांटेपासून चालतेच आहे. तिचा शीण पुष्कळदां रक्तांतला असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचें आढळलें. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायु वाहून नेतें. तें उणें पडलें कीं दोन जिने चढतांच धाप लागते, वेणी घालतांना हात भरून येतात. घरांत याला ‘तिची प्रकृतीच नाजूक’ असें नांव मिळतें आणि कालांतरानें तीही तसेंच मानूं लागते. वस्तुतः एका साध्या रक्ततपासणीनें उलगडा होतो. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमांहून कमी भरलें तर तो रक्तक्षय होय, आणि मग औषध किती व कसें घ्यावें हें डॉक्टरांनीं ठरवावें.

स्वयंपाकघरानें त्या औषधाला हातभार मात्र लावावा. मोड आलेली मटकी, हळीव, पालेभाज्या यांत लोह असतें. लिंबाच्या किंवा आंवळ्याच्या संगतींत तें अंगीं अधिक लागतें. पोह्यांवर लिंबू पिळण्याची चाल या दृष्टीनें उत्तमच. परंतु त्याच बशीशेजारीं चहाचा कप वाफाळत असतो, आणि लिंबानें जें कमावलें त्यांतलें बरेंचसें तो गमावतो. कारण चहांतील तुरट द्रव्यें लोहाला शोषूं देत नाहींत. चहा सोडण्याचें कारण नाहीं. तो खाण्यानंतर तासाभरानें घेतला म्हणजे झालें.

राहतां राहिली ती कणीक. दहा मिनिटें चालून ताजातवाना झालेल्या गृहस्थाच्या हातांत ती मळण्याइतकें बळ खास असतें.