काट्यावरचा माणूस

माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी एका जुन्या हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. आई गेल्यावर पलूसच्या घरी एका रात्री ती डिस्क संगणकाला जोडली. फोल्डर उघडला आणि पडद्यावरची खिडकी हँग झाली. पुढे सरकेना, बंदही होईना. वैतागून मी वायर उपटणार, तोच शेजारचा पोरगा म्हणाला, "चाचा, थांबा. ते मेलं नाही, वाट बघतंय."

मग त्याने समजावले. रेशन दुकानात माणूस एकच. पोते आणायला तोच गोदामात गेला, की काट्यावर कुणी नाही; रांग खोळंबते. फायली दाखवणाऱ्या प्रोग्रामचेही तसेच. डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, तरी संगणकाच्या स्मृतीपुढे ती हजारो पटींनी संथ. त्यात जागा खराब झालेली असली, तर ती पुन्हा पुन्हा वाचू बघते. चांगल्या प्रोग्राममध्ये गोदामात जाणारा निराळा ठेवतात. म्हणजे 'जरा थांबा' म्हणायला आणि आपले 'रद्द करा' ऐकायला काट्यावर कुणीतरी असते.

मी थांबलो. बऱ्याच वेळाने नावे दिसू लागली. आधी सगळ्याची दुसरीकडे प्रत काढली, मगच आईचा आवाज ऐकला. एक ओवी मात्र उघडली नाही, ती नाहीच.

तुमच्याही कपाटात अशी डिस्क असेल. वाचता येते आहे तोवर प्रत काढून ठेवा.