डुकरांसाठीं मोकळी जागा

इंग्लंडांत अनेक छोटे शेतकरी वसंतांत डुकराचीं दोन पिलें आणून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत पोसतात. जागा ठरवितांना बहुतेक जण जनावराच्या अंगाचें माप घेतात. घ्यावयास हवें तें जमिनीचें. मुळें व किडे शोधीत डुक्कर नाकानें सारी माती उकरतें. पाऊस लागतांच चिकणमातीच्या कुरणाचा चिखल होतो, आणि तेथें पुन्हा गवत धरण्यास कित्येक महिने जातात. म्हणून दोघांसाठीं अर्धा एकर, म्हणजे आपले २० गुंठे, धरून त्याचे चार भाग पाडावे. एकांत डुकरें, बाकीचे तीन विसांव्यास. गोलजंताचीं अंडीं मात्र मातींत वर्षानुवर्षें टिकतात. तेवढा विसांवा कोणता शेतकरी देणार? तेव्हां पिलांना जंतांचें औषध चुकवूं नये.

डुकराला घाम जवळजवळ येतच नाहीं. सावली आणि लोळण्यास ओला खड्डा नसेल, तर कडक उन्हांत तें दगावतें देखील. पांढऱ्या जातींची कातडी तर भाजून निघते. आणि आपण ज्याला घाणेरडें म्हणून हिणवितों, तें हें जनावर निजण्याच्या जागेपासून दूरचा एक कोपरा मलविसर्जनासाठीं राखतें! खोपट, पाणी व तो कोपरा यांत पुरेसें अंतर प्रत्येक भागांत हवें. ५ गुंठ्यांत तें सहज साधतें. खोपट मात्र हलवितां येण्याजोगें असावें.